रजेवर आलात ना? मग एक शनिवार-रविवार मांडवीला द्या

मस्कतहून तीन आठवड्यांच्या रजेवर आलं, की पहिले तीन दिवस झोपेत जातात आणि उरलेले नातेवाइकांच्या सोफ्यावर. काकीकडे जेवलो आणि मावशीकडे नुसता चहा घेतला, तर ते पुढच्या रजेपर्यंत ऐकावं लागतं. घरं बघून होतात, गाव बघायचं राहतं.

ओमानात आमचं उलट आहे. तिथं शुक्रवार-शनिवारची सुट्टी. गुरुवारी संध्याकाळी गाडीत बॅग टाकायची आणि निझव्याला पळायचं, शुक्रवारी सकाळचा बकऱ्यांचा बाजार बघायला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला तिथला फलज, म्हणजे पाण्याचा पाट, कुणाच्या बागेला किती वेळ मिळतो हे सांगता येतं. आणि माझं माहेर गोव्यात ज्या डिचोलीत आहे, तिथून जवळून वाहणारी मांडवी नदी त्याने पाहिलेली फक्त पुलावरून, गाडीच्या काचेतून. दोन रजांपूर्वी ही गोष्ट मला लागली. मग ठरवलं, परदेशात जसा वीकेंड काढतो तसाच इथे काढायचा. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, एकच नदी धरायची, पाय आणि फेरीबोट वापरायची, रविवारी संध्याकाळी परत.

"घर असताना लॉजवर राहायला जाणार? लोक काय म्हणतील?" आईने विचारलं. लोक काहीच म्हणाले नाहीत. उलट दोन मामेबहिणींनी पुढच्या खेपेला आम्हालाही घे म्हणून सांगून ठेवलं.

आता दोनदा करून झालेली ही सहल नीट लिहून काढते. मार्ग असा: शुक्रवारी रात्री पणजी, शनिवारी पणजी आणि चोडण बेट, रविवारी जुने गोवे, दिवाडी बेट आणि नार्वे. घर उत्तर गोव्यात नसेल तरी चालेल, शेवट कुठे करायचा ते फक्त बदला.

तारीख आधी, खोली नंतर

बहुतेक जण आधी हॉटेल शोधतात. मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघते, कारण मांडवीवर भरती-ओहोटी चालते आणि चोडणचे पक्षी ओहोटीला चिखल उघडा पडला तरच दिसतात. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. चतुर्दशी असेल तर चौदाचे पाऊणपट साडेदहा, म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, पावणेपाचला ओहोटी. अष्टमी असेल तर सहाला भरती आणि बाराला ओहोटी. वद्य पक्षात एकपासून पुन्हा मोजायचं. फोनवर मुरगावचं भरतीचं वेळापत्रक मिळतं, त्यातला आकडा जास्त अचूक. पण मस्कतमध्ये बसून रजेचा कुठला आठवडा बरा हे ठरवायला पाऊणपट पुरते. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा शनिवार निवडा, म्हणजे ओहोटी नेमकी संध्याकाळी येते. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, तेव्हा एखादा दिवस इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नाही.

पहिल्या खेपेला मी हे बघितलंच नव्हतं. भर भरतीत चोडणला उतरलो. पाणी खारफुटीच्या खोडांपर्यंत चढलेलं, चिखलाचा पत्ता नाही आणि पक्षी म्हणून एक कावळा. मुलगा म्हणाला, "आई, कावळा मस्कतला पण आहे."

ऋतूचं म्हणाल तर रजा कधी मिळते यावर सगळं आलं. शाळेच्या सुट्टीमुळे मे महिन्यात येणारे खूप, आणि मेमध्ये दुपारी बारा ते चार बाहेर पडणं शहाणपणाचं नाही. त्या चार तासांसाठी खोलीत पंखा किंवा एसी हवा, बाकी आंबे-फणस आहेतच. चतुर्थीला येणाऱ्यांनी चतुर्थीच करावी, वीकेंडचा नाद सोडावा. गणपतीच्या दिवसांत अर्ध्या पणजीला कुलूप असतं. पावसात नदी गढूळ आणि जोरात असते, दिवाडीची शेतं मात्र तेव्हाच खरी हिरवी. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेराम असतो. झेंड्यांचा, गर्दीचा, बेटभर नाचाचा दिवस. तो बघायचा असेल तर तेवढाच बघा, शांत फेरफटका त्या दिवशी विसरा. डिसेंबरात ३ तारखेला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त आणि ८ तारखेला पणजीच्या चर्चचं. नंतर नाताळपासून खोल्यांचे दर असे चढतात, की आखातातला पगारही कमी वाटतो. मला विचाराल तर जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी.

आखातातून येणाऱ्यांना अजून एक. आपल्याला शुक्रवार म्हणजे सुट्टी अशी सवय असते. जुन्या गोव्याचं पुराणवस्तू संग्रहालय नेमकं शुक्रवारी बंद असतं. शिवाय गोव्यात दुपारी एक ते तीन-चार दुकानं झोपतात आणि रविवारी खाजगी बसगाड्या कमी धावतात.

कागद, पैसे, गाडी

भारतीय पासपोर्ट असेल तर आधार किंवा कुठलंही ओळखपत्र पुरतं. पण आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली घरं कमी नाहीत. पासपोर्ट परदेशी असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांचं) असलं तरी लॉजवाल्याला तुमचा सी-फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुण्याची सरकारी नोंद, भरावा लागतो. त्यासाठी पासपोर्ट आणि ओसीआय दोन्ही मूळ प्रती सोबत हव्यात. "अरे मी इथलाच, बाजूच्या वाड्यावरचा" हे काउंटरवर चालत नाही. लहान लॉज परदेशी पासपोर्ट बघून नकोच म्हणतात, तेव्हा खोली ठरवतानाच फोनवर विचारून घ्या.

पैशाचं सोपं झालंय. ओमान, यूएई, कतार, सौदी, इंग्लंड, अमेरिका अशा काही देशांच्या मोबाईल नंबरला एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, खातं जोडून यूपीआय वापरता येतं. मात्र तुमच्या बँकेने ते चालू केलंय का, हे तिकडून निघण्याआधी बघा, इथे येऊन शाखेत रांग लावू नका. आणि काही झालं तरी शंभर-पन्नासच्या नोटा आणि सुटी नाणी ठेवाच. बसचा कंडक्टर सुट्या पैशांवरून जे तोंड करतो ते कुठलंच ॲप टाळू शकत नाही.

परवान्याची मुदत घरी बसून बघा. परदेशात राहणाऱ्यांचा भारतीय परवाना कपाटात पडल्या पडल्या संपतो. तिकडचा परवाना इथे नुसता चालत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय परमिट लागतं. भाड्याची स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, तीच भाड्याने द्यायची अधिकृत गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी कुणी "माझीच आहे, घेऊन जा" म्हणत स्वस्तात देत असेल तर चलनाचे पैसे वेगळे काढून ठेवा. हेल्मेट दोघांनाही.

मी स्वतः या सहलीला गाडीच नेऊ नका म्हणेन. फेरीच्या रांगेत चारचाकी अर्धा तास थांबते आणि पायी माणूस सरळ चढतो. दोन खेपांत मला पायी चढायला एक पैसाही पडला नाही.

सामान एका पाठीवरच्या बॅगेत मावेल एवढंच. मागे पट्टा असलेली सँडल, टोपी, पाण्याची बाटली, ओडोमॉस. ओडोमॉस विसरू नका, खारफुटीतले डास नुसते चावत नाहीत, हिशेब चुकता करतात.

बाहेरून येणाऱ्यांसाठी: कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन जुन्या गोव्याला लागून आहे, त्यामुळे मडगावला उतरून उलटं येण्यात अर्थ नाही. विमान मोप्याला उतरो की दाबोळीला, कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस पणजीला आणते. टॅक्सी केलीत तर दर आधी बोलून घ्या. मागच्या खेपेला पहाटे तीन वाजता आमच्याकडून जे भाडं घेतलं गेलं ते मी अजून आईला सांगितलेलं नाही.

मुक्काम

पणजीत दोन रात्री. मळा, फोंताइनस, सांतिनेज किंवा चर्च चौकाच्या मागच्या गल्ल्या, कुठेही. कदंबच्या स्टँडपासून चालत जाता येईल एवढंच बघा.

'नदीचं दर्शन' असं लिहिलेल्या खोलीला मात्र भुलू नका. पहिल्या वेळी मी मस्कतमधून फोटो बघून अशीच एक खोली घेतली. नदी खरंच दिसत होती. तिच्यावर नांगरलेली कॅसिनोची बोटही दिसत होती, जांभळी, मग हिरवी, मग लाल, पहाटेपर्यंत. वर संध्याकाळच्या बोटसहलींचे ढोल. पडदा पातळ होता. दुसऱ्या खेपेला मळ्यात मागच्या बाजूची खोली घेतली, खिडकीतून शेजाऱ्याचं अंगण दिसायचं आणि सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पों-पों ऐकू यायचा. तीच बरी. त्याच्याकडून दारातच गरम पोई घ्या, कोंड्याची, आतून पोकळ. लॉजच्या नाश्त्याला हात लावायची गरज राहत नाही.

शनिवार सकाळ: पणजी पायी

साडेसहाला बाहेर पडा. फोंताइनसच्या गल्ल्या नऊनंतर कपडे बदलून फोटो काढणाऱ्यांच्या होतात. रहिवासी वैतागलेले आहेत, काही भिंतींवर फोटो काढू नका असं स्पष्ट लिहिलंय, ते पाळा. लोकांच्या खिडक्या आहेत त्या, नाटकाचा सेट नव्हे. ३१ जानेवारी रस्त्याने चालत सेंट सेबॅस्टियनच्या कपेलापर्यंत, म्हणजे छोट्या चर्चपर्यंत, जा. तिथला क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता असं सांगतात. ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, एरवी क्रुसावर ते मिटलेले असतात. पुढे मळ्यातली झर, फोंत फिनिक्स, आणि वर आल्तिन्होच्या उतारावरचं मारुतीचं देऊळ. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण वरून कौलं आणि नदी एकत्र दिसतात.

खाली उतरून महालक्ष्मीचं देऊळ. पोर्तुगिजांच्या पणजीत हिंदूंना बांधायला परवानगी मिळालेलं हे पहिलं देऊळ, १८१८ सालचं. हे लक्षात ठेवून रविवारी नार्व्याला पोहोचा, तिथे याचा धागा लागतो.

भाजी-पाव खायची वेळ हीच, आठ ते साडेनऊ. आझाद मैदानाच्या आसपास जिथे टेबलाला लोक उभ्याने वाट बघताहेत तिथे शिरा. मागायची पद्धत आहे: पातळ भाजी, सुकी भाजी, तोंडाक (नारळाच्या रसातली उसळ), नाही तर मिक्स. सोबत पाव किंवा गोडसर बन आणि बाजूला एक मिरची भजी. मुंबईची पावभाजी डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल, हा वेगळा पदार्थ आहे. परदेशात मला गोव्याची आठवण मासळीने येत नाही, मासळी मस्कतला उत्तम मिळते. येते ती या पातळ भाजीच्या वासाने.

मग नदीकाठ. आदिलशहाचा वाडा, जिथे १७५९ मध्ये व्हाइसरॉय राहायला आला. जुनं गोवं साथींनी ओस पडत चाललं होतं. पणजी रीतसर राजधानी झाली १८४३ मध्ये. वाड्याच्या बाजूला आब्बे फारियाचा पुतळा आहे. काळा झगा, पसरलेले हात, पुढ्यात कोसळणारी बाई. कांदोळीत जन्मलेला हा पाद्री संमोहनशास्त्राच्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक, आणि पुतळा घडवला मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी, १९४५ मध्ये. माझ्या मुलाला पणजीतली ही एकच गोष्ट कायमची लक्षात राहिली. पुढचा आठवडाभर तो आजीवर हात पसरून तिला झोपवायचा प्रयत्न करत होता.

इथून कांपालपर्यंत चालता येतं, चार्ल्स कोरियांच्या कला अकादमीपाशी नदी रुंद होते. मिरामारला ऊन चढायच्या आधी पोहोचलात तर भाऊसाहेब बांदोडकरांच्या समाधीपाशी थांबा, नाही तर तिथूनच परत फिरा. दुपारी जेवण आणि झोप. जेवण म्हणजे मासळीची थाळी. खानावळीत शिरून "आज ताजं काय?" एवढंच विचारा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा नदीतली मासळी आणि तिसऱ्या (शिंपल्या) यांवर भर द्या. मासळी नको असेल तर "शिवराक" म्हणा, 'व्हेज' म्हणण्यापेक्षा जेवण चांगलं येतं असा माझा समज आहे.

शनिवार दुपार: चोडण

तीन वाजता कदंबच्या स्टँडवर जा आणि रायबंदरमार्गे जाणारी बस विचारून घ्या. काही गाड्या बाहेरच्या रस्त्याने जुन्या गोव्याला जातात, त्यात बसलात तर रायबंदर चुकेल. रायबंदरच्या वाटेवरचा लांबलचक सरळ बांध नीट बघा. सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी घातलेला हा तीनेक किलोमीटरचा रस्ता, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं.

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीने पाच-सात मिनिटांत चोडण. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्यालाच लागून आहे. राज्यातलं सगळ्यात लहान, पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास. खारफुटीतून बांधलेली पायवाट आहे, तिच्यावरून सावकाश चाला आणि थांबा. चालण्याने काही दिसत नाही, थांबण्याने दिसतं. दुसऱ्या खेपेला आम्ही ओहोटीत पोहोचलो. सुरुवातीला नुसता तपकिरी चिखल. मग तो हलायला लागला. निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे बोटभर मासे, पंखांवर रेटा देत चिखलावरून सरकत होत्या, डोळे डोक्यावर चिकटवल्यासारखे. बाजूला नखाएवढे खेकडे, एक नांगी इवलीशी आणि दुसरी अंगापेक्षा मोठी, ती वर-खाली हलवत कुणाला तरी बोलावत होते. मुलगा पंचवीस मिनिटं हलला नाही. मी घड्याळ लावलं होतं, कारण घरात तो पाच मिनिटं बसत नाही. मग एक खंड्या आला, निळा पट्टा ओढल्यासारखा. ढोकरी तर पायाशीच बसली होती, उडाल्यावर कळलं.

उजेड असेपर्यंत परत फिरा. परतीच्या फेरीला कामावरून घरी निघालेले लोक असतात, त्यांना आधी उतरू द्या.

रविवार: जुने गोवे, दिवाडी, नार्वे

आज खोली सोडायची, बॅग पाठीवर. आठ-साडेआठला जुन्या गोव्यात उतरा. बॉम जेझू चर्चमध्ये रविवारी सकाळी मिस, म्हणजे प्रार्थना, चालू असते, तेव्हा कॅमेरा घेऊन आत शिरायचं नाही. आधी सेंट ऑगस्टिनच्या टेकडीवर जा. सेहेचाळीस मीटर उंच मनोऱ्याचा उरलेला तुकडा आणि उघड्यावर पडलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. तिथे सकाळी कुणी नसतं आणि जांभ्या दगडाला ऊन लागलेलं असतं. मिस संपल्यावर बॉम जेझू, १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पुरं झालेलं, मग समोर से कथेड्रल. दोन पुरेत. मुलांना घेऊन सहा चर्च एका सकाळी बघणारे मी पाहिले आहेत, शेवटच्या चर्चमध्ये मुलं बाकावर आडवी असतात.

सेंट कायतानच्या चर्चच्या बाजूला आदिलशहाच्या इथल्या दुसऱ्या वाड्याचं उरलेलं दार आहे. नुसती चौकट, पण तिच्यावरचं कोरीव काम देवळाचं आहे हे लगेच कळतं. तिथून उताराने व्हाइसरॉयची कमान, वास्को द गामाच्या पणतवाने उभारलेली. पोर्तुगालहून आलेला प्रत्येक व्हाइसरॉय नदीतून उतरून या कमानीखालून शहरात शिरायचा. आपण उलट दिशेने जातो आहोत. कमानीतून बाहेर, सरळ धक्क्यावर.

दिवाडीची फेरी धक्क्याला लागते तेव्हा पुढची लोखंडी फळी खाली पडते आणि दुचाक्या आधी सुटतात. फळी आणि धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं. माझा नवरा पहिल्या खेपेला स्कूटर घेऊन आला होता, चाक घसरलं आणि गुडघा फुटला. बोटीवरच्या माणसाने गाडी उचलून धरली आणि एवढंच म्हणाला, "मात्शें सवकास, बाब." तेव्हापासून आमच्याकडे स्कूटर नाही.

बेटावर उतरल्यावर रस्ता दोन्ही बाजूंच्या खाजन शेतांमधून जातो. इथे एक गोष्ट शोधा, ती कुठल्याही पत्रकात नसते. बांधाच्या पोटात एक लाकडी दार दिसेल, त्याला मानस म्हणतात. भरती आली की खारं पाणी बाहेरून रेटतं आणि दार आपोआप मिटतं. ओहोटीला बाहेरचं पाणी उतरतं, आतल्या पाण्याचा रेटा जास्त होतो आणि ते दार उघडून नदीत जातं. मोटर नाही, माणूस नाही. या दारांच्या जिवावर समुद्रसपाटीपेक्षा खालच्या जमिनीत भात पिकतं, खारं सोसणारं कोरगुट. मी इंजिनियर आहे, पाण्याच्याच कामात, आणि अशी दारं लहानपणी शेकडो वेळा ओलांडली असून ती कशी चालतात हे मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मुलाने विचारल्यावर कळलं.

पियेदादची टेकडी चढा. वर चर्च आहे आणि स्मशानभूमीत एक लहानसं कपेल, त्याच्या छताची नक्षी कदंबकालीन देवळाची आहे. तिथून मांडवीचे दोन्ही फाटे आणि जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. खाली येऊन एखाद्या दुकानात लिंबू-सोडा प्या आणि नार्व्याच्या धक्क्याकडे निघा. सगळं बेट पायी ओलांडायचं तर दीड-पावणेदोन तास धरा. लहान मुलं असतील तर रिक्षा किंवा येणारी बस पकडा.

नावाचा घोळ आधीच सांगते. नदीच्या दोन्ही काठांना नार्वेच आहे, दिवाडीवर एक आणि पलीकडे डिचोलीत एक. कारण एकच देव. गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत सप्तकोटीश्वर मुळात दिवाडीवर होता. ते आपल्या बिरुदात 'सप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असं लिहायचे. चौदाव्या शतकात बहमनींच्या स्वारीत ते देऊळ पडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा बांधलं, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडलं. लिंग लोकांनी नदीपलीकडे नेलं, कारण डिचोली तेव्हा पोर्तुगिजांची नव्हती. पाच मिनिटांची ही फेरी म्हणजे त्या वेळची सरहद्द. पणजीत देवळाला परवानगी मिळायला १८१८ उजाडलं, आणि इथे पलीकडच्या काठावर शिवाजी महाराजांनी १६६८ मध्येच नवं देऊळ बांधायची आज्ञा दिली. तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे, शके १५९०, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. तो वाचल्याशिवाय आत जाऊ नका.

ही फेरी जुन्या गोव्यासारखी सारखी सुटत नाही. धक्क्यावर पोहोचल्याबरोबर पुढची कधी आणि परतीची शेवटची कधी, हे दोन प्रश्न विचारा. दुपारी एक ते तीनमध्ये जास्त थांबावं लागतं, तेव्हा साडेबाराच्या आत धक्का गाठा. गोकुळाष्टमीला मात्र इथे स्नानाला इतकी गर्दी लोटते, की वेळापत्रकाचा प्रश्नच उरत नाही.

देऊळ धक्क्यापासून चालत अर्ध्या तासाच्या आत. दगडी दीपमाळ, उतरती छपरं, वर घुमट, मागे डोंगराची सावली. जीर्णोद्धारानंतर २०२३ मध्ये ते पुन्हा उघडलं. जुनी शेवाळलेली भिंत आठवणाऱ्या माझ्यासारखीला ते जरा जास्तच नवं वाटतं, पण गळकं छप्पर कुणाला हवं होतं? गाभाऱ्यातलं लिंग गोल नसून पैलूदार आहे, त्याला धारालिंग म्हणतात. मंडपातली फरशी भर उन्हातही गार असते. तिथे अर्धा तास बसा, पाय दुखत असतीलच.

परतीला तीन वाटा. पणजीचा मुक्काम वाढवला असेल तर त्याच फेरीने मागे. गाडी मागवायची असेल तर देवळाच्या बाहेर फोनला रेंज येते तिथून. डिचोलीकडे जायचं असेल तर बस आहे, पण रविवारी तिच्यावर विसंबू नका, आदल्या दिवशी डिचोलीच्या एखाद्या रिक्षावाल्याला सांगून ठेवा. आम्ही पहिल्या वेळी सांगितलं नव्हतं. दीड तास झाडाखाली बसलो आणि शेवटी भाताची पोती टाकून चाललेल्या एका टेम्पोत पोत्यांवर बसून आलो. मुलाच्या मते सहलीतला तोच सर्वांत चांगला भाग.

साडेचारला दारात पोहोचलो तेव्हा आई पायरीवर होती. केसांत भाताचं कूस बघून म्हणाली, "पणजीला गेली होतीस ना? मग नार्व्याच्या बाजूने कशी आलीस?"

"नदीतून," मुलगा म्हणाला आणि चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेला.